कुत्र्याला डॉक्टरकडे नेताना होणारी फरफट (दोघांची)

माहीमची_मैना | १४ जून, रात्री ११:१०

मंडळी, गेल्या शनिवारी आमच्या खारीने दवाखान्यात मदतनीसाचा हात धरला. दातांनी.

रक्त आलं नाही, मनगटावर दोन वळ उठले. तो बिचारा "होतं ताई, चालायचंच" म्हणत नळाखाली हात धरून उभा राहिला. खारीची रेबीजची लस चालू आहे आणि त्याचीही, तरी डॉक्टरांनी त्याला साबण लावून पंधरा मिनिटं हात धुवायला लावले. तेवढा वेळ मी कोपऱ्यात पट्टा धरून नुसती उभी. कुणाच्या नजरेला नजर देववेना.

पाच वर्षं हीच कुत्री त्या दवाखान्यात "शहाणी" म्हणून ओळखली जायची. फाइलवर डॉक्टरांच्या हातचा शेराच आहे तसा. टेबलावर ठेवली की पुतळा. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, सुई टोचली तरी हूं की चूं नाही. शेजारचा लॅब्रॅडोर आकांत मांडायचा तेव्हा त्याच्या मालकिणीला मी जरा वरच्या पट्टीत सल्लेही दिलेत. आता आठवून कान गरम होतात.

थोडी पार्श्वभूमी. खारी गावठी. नाव रंगावरून, बेकरीतल्या खारीसारखाच. आमच्याकडे आली तेव्हा साधारण दीड वर्षाची असेल, आणि डाव्या कानाला खाच होती. म्हणजे त्याआधी कधीतरी नसबंदीसाठी तिला उचलून गाडीत घातलं होतं. कसं उचललं, जाळीने की हाताने, ते तिलाच माहीत. बंद व्हॅन दिसली की आजही रस्ता बदलते.

शनिवारचं कारण गोचीडताप. प्लेटलेट बघायला रक्त काढायचं होतं. पुढच्या पायावरचे केस काढायला ट्रिमर सुरू केला, 'घर्र' झालं, आणि पुढचं सांगितलंच.

तिला खाली उतरवल्यावर स्टीलच्या टेबलावर मला चार ओले ठसे दिसले. पंजांचे. आधी वाटलं मुतली. पण ठसे नीट होते, मधली गादी आणि चार बोटं, पुसट वाफेसारखे, कडेने वाळत चाललेले. मदतनीसाने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि गेले. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः तळव्यात असतात आणि घाबरलं की तिथे घाम फुटतो.

मग मी एक वाईट काम केलं. फोनमधले जुने व्हिडिओ काढले. दोन वर्षांपूर्वी लसीकरणाचा एक व्हिडिओ सासरच्या ग्रुपवर टाकला होता, "बघा आमची गुणी बाळ" असं लिहून. बत्तीस बदाम आले होते त्यावर. तो आवाज बंद करून पाहिला. शेपूट पोटाला चिकटलेली. कान मागे. डोळ्यांचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा बाहेर. चाळीस सेकंदांत सात वेळा ओठांवरून जीभ फिरवली आणि दोन जांभया. म्हणजे पाच वर्षं ती सांगतच होती, आणि आम्ही तिला शहाणी म्हणत होतो.

आता अडचण अशी की तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचंय. गल्लीच्या टोकाला औषधाचं दुकान आहे, तिथूनच तिला कळतं आणि ती बसकण मारते. अठरा किलो आहे. दवाखान्यात दोन बाकडी, त्यावर तीन कुत्री, एक पर्शियन मांजर पिंजऱ्यात. तुम्ही लोक काय करता? "प्रेमाने समजवा" सोडून काहीही सांगा.

---

ऑफलाइन_बंड्या | १५ जून, सकाळी ८:०२

एवढं काय त्यात? आमच्या गावच्या मोत्याला चार जण धरायचे, एक तोंडाला दोरी बांधायचा, सुई खुपसली की खलास. मोत्या चौदा वर्षं जगला. हल्ली माणसांना मानसोपचारतज्ज्ञ मिळेना आणि कुत्र्यांचे ताणतणाव मोजतोय आपण. (हलकेच घ्या.)

---

कोकमसरबत | १५ जून, सकाळी ९:३०

बंड्या, मोत्या चौदा वर्षांत डॉक्टरकडे किती वेळा गेला रे? आणि माहीममध्ये दर वेळी चार माणसं कुठून आणायची, ते तूच सांग.

मैना, आमचा बोका (नाव बोका, जात कुत्रा, मोठी गोष्ट आहे) असाच होता. मी जे केलं ते सांगते, पण आधीच सांगते की तीन आठवडे कमी आहेत. मला चार महिने लागले.

बोका दवाखान्याला घाबरत होता असं मला वाटायचं. नीट पाहिल्यावर कळलं की तो सुट्या सुट्या गोष्टींना घाबरतो आणि त्या सगळ्या तिथे एकदम अंगावर येतात. स्पिरिटचा वास. पाय धरला जाणं. पायाखाली घसरणं. ट्रिमर. अनोळखी माणसाने वरून वाकणं. मग एकेक सुटी घरी आणली.

स्पिरिटचा बोळा बशीत ठेवायचा, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. वास नाकात गेला की लगेच उकडलेल्या चिकन कलेजीचा नखाएवढा तुकडा. क्रम महत्त्वाचा: वास आधी, कलेजी नंतर. मी पहिल्या आठवड्यात उलटं करत होते, तर पठ्ठ्या कलेजी पाहूनच पलंगाखाली जायला लागला. ट्रिमरसाठी बॅटरीचा टूथब्रश वापरला. आधी शेजारच्या खोलीत सुरू, मग दारात, मग हातात, मग बंद करून पायाला टेकवलेला, आणि शेवटी चालू. प्रत्येक पायरीला चार-पाच दिवस. कंटाळा येतो. मालिका बघता बघता करायचं.

आणि एक खेळ आहे, लंडनकडचे चिराग पटेल नावाचे प्रशिक्षक शिकवतात, बादलीचा खेळ म्हणून. मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याने केला. डब्यात खाऊ, डबा समोर स्टुलावर. कुत्रा डब्याकडे बघतोय तोवर तुम्ही कानाला हात लावायचा, पंजा उचलायचा, काहीही. अधूनमधून डब्यातला खाऊ द्यायचा. त्याने नजर हटवली की तुमचा हात ताबडतोब मागे. पुन्हा डब्याकडे बघितलं की पुन्हा सुरू. थोडक्यात ब्रेक त्याच्या पायाखाली. माझा नवरा म्हणाला, अशाने तो कायम दुसरीकडेच बघेल. उलट झालं. थांबवता येतंय हे कळल्यावर जास्त वेळ टिकायला लागला.

---

गिरगावकर_आजी | १५ जून, दुपारी १:१५

मैनाताई, आमच्या काळी कुत्रं आजारी पडलं की एकच ठाऊक, परळचं बैलघोडा हॉस्पिटल. खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, पण ते कुणी घेत नसे. १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात. वडील आमच्या राजाला टॅक्सीतून न्यायचे आणि मला सोबत घ्यायचे, कारण राजा माझ्या मांडीवर डोकं ठेवून गप बसायचा. नंबर लागेस्तोवर वडील त्याला आत नेतच नसत. बाहेर झाडाखाली हिंडवायचे, हुंगू द्यायचे. मला वाटायचं वडिलांना विडी ओढायची असते. असेलही.

टॅक्सीचं म्हणाल तर आपल्याकडे रिक्षा वांद्र्याला नि सायनला थांबते, पुढे टॅक्सीच. काळीपिवळीवाल्याला लांबून "कुत्रा आहे" असं ओरडू नये. जवळ जाऊन जुनी चादर दाखवायची आणि "सीट खराब नाही होणार, वर वीस जास्त देते" म्हणायचं. दहातले सहा घेतात. कुत्र्याला पायाशी बसवावं, सीटवर नको, ब्रेक लागला की घसरतं.

---

लोकलबाज | १५ जून, सायंकाळी ७:४८

वाचनखूण साठवली. एक शंका: आमच्या आईला गॅबापेंटिन चालू आहे मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी. कुठेतरी वाचलं की कुत्र्यांनाही तेच देतात डॉक्टरकडे नेण्याआधी. घरातलंच अर्धं दिलं तर चालेल का? आमचा ब्रूनो एकवीस किलो.

---

डॉ_शेपूट | १५ जून, रात्री ११:५५

लोकलबाज, हात जोडतो, देऊ नका. नाव तेच, पण माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल नावाचा गोडवा घातलेला असतो. तो कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली आणतो, यकृतही निकामी करू शकतो. गोळ्यांतही काही वेळा दुसरं औषध मिसळलेलं असतं. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा वेगळी. ब्रूनोला पाहिलेल्या डॉक्टरांनाच विचारा. ते गॅबापेंटिन देतील, ट्रॅझोडोन (तेही भीती कमी करायचं औषध) देतील किंवा काहीच देणार नाहीत.

आता धाग्याबद्दल. मी उपनगरात दवाखाना चालवतो, म्हणजे या गोष्टीतला खलनायक मीच.

मैनाताईंनी व्हिडिओत जे पाहिलं ते आमच्यापैकी बरेच जण रोज पाहतात आणि सोडून देतात. घाबरलेल्या कुत्र्यापुढे पळणं, लढणं आणि थिजणं हे तीन रस्ते असतात. टेबलावर पळता येत नाही. जे लढतं त्याला आपण वांड म्हणतो, जे थिजतं त्याला शहाणं. थिजलेलं कुत्रं आम्हाला सोयीचं पडतं, सुई पटकन होते. संध्याकाळी बाहेर पंचवीस जण बसलेले असताना ही सोय फार मोठी वाटते, खोटं कशाला बोलू? मात्र ते दर खेपेला थोडं थोडं साठत जातं आणि एक दिवस ट्रिमर लागतो.

वैद्यकीय तोटाही आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. भेदरलेल्या कुत्र्याचं १०३ भरलं, तर ते आजाराचं की भीतीचं, कसं ठरवू? नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडाही हलतो. आणि पोट कडक करून बसलेल्या कुत्र्याच्या पोटात बोटांना काहीही लागत नाही.

मी गेली काही वर्षं काय बदललं ते सांगतो. मोठ्या कुत्र्यांना टेबलावर घेतच नाही, जमिनीवर बसून तपासतो. गुडघे बोंबलतात. टेबल लागलंच तर त्यावर रबरी चटई, कारण पाय घसरला की कुत्र्याचा निम्मा धीर तिथेच संपतो. समोरून वाकत नाही, शेजारी आडवा बसतो. रक्त पुढच्याच पायातून काढायला हवं असं नाही, मागच्या पायाच्या बाहेरच्या बाजूलाही शीर असते. ती घेतली की तोंड मालकाकडे आणि खाऊकडे राहतं. हे मी कॉलेजात शिकलो नाही. अमेरिकेत सोफिया यिन या पशुवैद्य बाईंनी कमी ताणाच्या हाताळणीवर खूप काम केलं, पुढे मार्टी बेकर यांनी २०१६ मध्ये 'फिअर फ्री' नावाने डॉक्टरांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. तिथून थोडं उचललं, थोडं चावे खाऊन.

ताई, तुम्ही फोन करून सरळ विचारा: दुपारी दवाखाना उघडतो तेव्हाची पहिली वेळ द्याल का? नंबर येईपर्यंत बाहेर थांबू का, फोन कराल? जमिनीवर तपासाल का? नव्वद टक्के डॉक्टर हो म्हणतील. कुणी विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही.

औषध द्यायचं ठरलंच तर आधी एका सुट्टीच्या दिवशी घरी देऊन पाहायचं. कुणाला झोप येते, कुणाचे पाय लटपटतात, क्वचित कुणी उलट चेकाळतं. ते त्या दिवशी दवाखान्याच्या दारात कळायला नको. आणि साधारण दोन तास आधी, घरी शांत असतानाच द्यायचं. भीती चढल्यावर दिलेलं औषध तिच्या मागे धावत बसतं. जुन्या पद्धतीत एसप्रोमॅझिन द्यायचे. त्याने कुत्रं ढिम्म होतं, भीती मात्र आत तशीच राहते. नुसतं तेवढंच कुणी देत असेल तर "दुसरं काही आहे का?" विचारायला लाजू नका.

बंड्याभाऊ, मोत्याचं ऐकून वाईट वाटलं नाही, तेव्हाची पद्धतच ती. दोरीचं मात्र सांगतो. कुत्रं अंग थंड करतं ते धापा टाकून. तोंड आवळून बांधलं की ते बंद. मुंबईच्या जूनमध्ये पाच मिनिटंसुद्धा जड जातात.

---

ऑफलाइन_बंड्या | १६ जून, सकाळी ७:४०

डॉक्टर, दोरीचं माहीत नव्हतं. मागे घेतो. बाकी कुत्र्याला भीती वाटली की कुरवाळलं तर भीती वाढते, डोक्यावर बसतं, हे तरी खरं ना?

---

डॉ_शेपूट | १६ जून, दुपारी २:२०

नाही. बिस्किट देऊन 'बस' शिकवता येतं, कारण बसणं ही करायची गोष्ट आहे. भीती कुणी ठरवून करत नाही, त्यामुळे कुरवाळल्याने तिला बक्षीस मिळत नाही. त्याला जवळ यावंसं वाटलं तर येऊ द्या. फक्त त्याच्या तोंडावर वाकून "काही नाही, काही नाही, काऽही नाही" असा घाईचा जप करू नका. त्या सुराने मलाच धडकी भरते.

---

रात्रपाळी | १६ जून, रात्री ९:३०

(ड्युटीवरून.) मी आमच्या स्टेशनबाहेरची सात कुत्री बघतो. त्यांना श्रीखंडाचा डबा वगैरे जमणार नाही. पण एक अनुभव: लसवाला डॉक्टर येतो त्या दिवशी मी बिस्किटं देत नाही, दुसऱ्या मुलाला द्यायला लावतो. नाहीतर पुढचे आठ दिवस माझ्या हातचं खात नाहीत. विश्वासघात लक्षात ठेवतात साले.

---

माहीमची_मैना | १६ जून, रात्री १०:२५

सगळ्यांचे आभार. आजी, विडीचं वाचून खूप हसले.

डॉक्टरांना फोन केला. गंमत म्हणजे ते एका वाक्यात हो म्हणाले. दुपारी साडेचारची पहिली वेळ, जमिनीवर. वर म्हणाले, "तुम्ही नुसतं वजन करायला आणत जा ना अधूनमधून, पैसे नाही घेणार." पाच वर्षं त्या दारातून ये-जा केली, कधी विचारलं नव्हतं.

जाळीचं मुसकं घ्यावं का? मदतनीसाच्या मनगटाकडे बघून वाटतं घ्यावं. पण गल्लीतले लोक लगेच "चावरी आहे का?" विचारणार.

---

कोकमसरबत | १६ जून, रात्री १०:५०

घेच. पिंजऱ्यासारखं, ज्यातून तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, खाऊ आत सरकवता येतो. कापडी नको. क्रॉफर्ड मार्केटात पाळीव प्राण्यांच्या दुकानांत बघ, नाकाची लांबी आणि घेर मोजून ने. आणून लगेच चढवू नको. आठवडाभर ती खाऊची वाटी समज. आत चीज लावायचं, ती स्वतः तोंड घालते, चाटते, काढते. पट्टा लावायची वेळ शेवटी येते. बोका आता मुसकं काढलं की शेपूट हलवतो, त्याला वाटतं आता जेवण.

चीज बेताने हं. एकदम जास्त तूपकट खाणं पोटाला, म्हणजे स्वादुपिंडाला महागात पडतं. आणि ज्या दिवशी भूल द्यायची असेल त्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊच नाही.

लोक विचारतील. "हो, तुम्हाला नाही चावणार, काळजी नको" म्हणायचं आणि पुढे.

---

पिल्लूवाली | १७ जून, सकाळी ११:००

मध्येच विचारते. आमच्याकडे नऊ आठवड्यांचं पिल्लू आलंय, पहिली लस झाली. त्याला आत्तापासून काही करता येईल का? की मोठं झाल्यावर?

---

डॉ_शेपूट | १७ जून, दुपारी ३:०५

आत्ताच. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जगाचा हिशेब मांडतं, काय चांगलं आणि काय वाईट. पिल्लाच्या लसींचे बहुतेक डोस नेमके त्याच काळात पडतात. म्हणजे त्या नाजूक काळात पिल्लू आम्हाला तीन-चारदा भेटतं आणि दर भेटीत टोचून घेतं. तेव्हा मधल्या दिवसांत नुसतं कडेवर घेऊन या, खाली ठेवू नका (डोस पुरे झालेले नाहीत), माझ्या हातून खाऊ खाऊ द्या आणि परत जा. घरी रोज पंजे, कान, ओठ वर करून दात बघायची सवय, एकेक सेकंद. सुई टोचताना नाकापुढे दह्याची वाटी धरा. पिल्लांना बहुतेकदा कळतही नाही.

---

माहीमची_मैना | ६ जुलै, रात्री ९:४५

धागा वर काढतेय. अहवाल देते, फार काही तेजस्वी नाही.

पहिली नुसती-वजनाची फेरी: औषधाच्या दुकानाशी बसकण. आधी मी ओढायचे. या वेळी मीही तिच्याशेजारी कठड्यावर बसले. दहा मिनिटं बसलो दोघी. लोकांनी नमस्कार केला, एका काकांनी "बरं वाटतंय ना?" विचारलं. मग परत घरी. वजन झालंच नाही.

दुसरी फेरी: नेहमीच्या रस्त्याने गेलोच नाही. मागच्या गल्लीतून, दुसऱ्या बाजूने. दवाखान्याच्या पायरीपर्यंत कळलंच नाही तिला. कळल्यावर थबकली. पायरीवर कलेजी दिली, खाल्ली (!), परतलो.

तिसरी: आत काट्यावर. अठरा किलो दोनशे. मदतनीसाने, त्याच बिचाऱ्याने, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसून कलेजी मागे सरकवली. तिने मान लांब करून, मागचे पाय दारात ठेवून घेतली. त्याने वळून पाहिलं नाही. मला रडू यायचं बाकी होतं.

चौथ्या फेरीत धो धो पाऊस, आत ओलं हस्की ओरडत होतं, सगळं पाण्यात. दारातून परत.

रक्त पुढे ढकललंय. डॉक्टर म्हणाले तिची भूक आणि हिरड्यांचा रंग छान आहे, गोळ्या चालू आहेत, आठ-दहा दिवस थांबता येईल. तातडीचं असतं तर थांबले नसते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. रविवारी घरी त्यांनी दिलेल्या गोळीची चाचणी केली. दोन तासांनी जरा सुस्त, पण हाक मारली की येत होती, जेवली.

---

लोकलबाज | ७ जुलै, सकाळी ८:३०

ब्रूनोलाही डॉक्टरांनी गोळी दिली. आईची नाही, वेगळी. आई म्हणते तिची एक कमी दिसतेय. मी नाही घेतली.

---

माहीमची_मैना | १९ जुलै, सायंकाळी ६:५०

झालं. रक्त काढून झालं.

अडीचला घरी गोळी. साडेचारची पहिली वेळ, मागच्या गल्लीतून. आत कुणी नव्हतं. घरून आणलेली चटई जमिनीवर पसरली. गेले तीन आठवडे घरी ती त्याच चटईवर कलेजी खातेय, त्यामुळे स्वतःहून जाऊन आडवी झाली. मुसकं तिने स्वतः नाक घालून घेतलं. मी डोक्याशी, जाळीतून दही चाटवत. डॉक्टर मागे, मागच्या पायाशी. ट्रिमर काढलाच नाही, स्पिरिटने केस चपटे करून शीर पाहिली. सुई गेली तेव्हा तिची जीभ थांबली. मी मोजलं, चार आकडे. मग पुन्हा चाटायला लागली.

अगदी निश्चिंत होती असं म्हणणार नाही. कान मागेच होते. एकदा जांभई दिली. बाहेर पडताना ओढत ओढत निघाली. पण दारात थांबून मदतनीसाकडे वळून बघितलं, आज काही सरकवतोय का म्हणून. त्याने सरकवलं.

चटई उचलताना मी मुद्दाम तळवा फिरवून पाहिलं. पंजांच्या जागी अजून ओलसरच होती.

प्लेटलेटचा रिपोर्ट उद्या.

---

गिरगावकर_आजी | १९ जुलै, रात्री ८:१०

छान झालं हो. रिपोर्ट कळवा. चटई कुठून आणलीत? आमच्या मजल्यावरच्या मुलीला हवी आहे, तिची कुत्री फरशीवर सारखी घसरते.

---

माहीमची_मैना | १९ जुलै, रात्री ८:४२

आजी, घरातलीच. योगासनांची आहे, नवऱ्याची. तीन वर्षांपूर्वी घेतलेली, अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच होती.